गणपत परबांचं नाक

डिलाईल रोडवर गणपत परबांच्या गॅरेजपेक्षा त्यांच्या नाकाचं नाव मोठं होतं. जुनी ऑटोमॅटिक गाडी आली की ते इंजिन चालू ठेवून गिअरबॉक्सची तेलपट्टी ओढायचे, थेंब बोटांत चोळायचे, नाकाशी न्यायचे आणि डोळे मिटायचे. मग निकाल. "आतल्या प्लेटी जळल्या." किंवा, "तेल बदला आणि घरी जाऊन झोपा." तीस वर्षांत त्यावर कुणी अपील केलं नाही.

पंचाईत एवढीच झाली, की दोन वर्षांपूर्वीच्या तापात हे नाक गेलं. म्हणजे होतं जागेवरच, पण वास येईना. बायको रखमा म्हणाली, "कोणाक सांगू नकात. गिऱ्हाईक नाकासाठी येता." म्हणून डोळे मिटणं चालू राहिलं. आत मात्र धाकधूक. मग ते गिऱ्हाइकाला खोदून खोदून प्रश्न विचारू लागले, आणि गंमत म्हणजे निदान पूर्वीपेक्षा कमी चुकायला लागलं.

एक दिवस गिरगावातले हेरंब कर्णिक आपली सतरा वर्षांची ऑटोमॅटिक घेऊन आले. रोज सकाळी गिअरचा दांडा 'पार्क'च्या खाचेतून काढला की धाडकन आवाज आणि हिसका. एका मोठ्या वर्कशॉपने अख्खा गिअरबॉक्स बदलायला सांगितला होता. गणपतरावांनी थेंब हुंगला. काही नाही. पण तेल चांगलं लाल होतं, आणि पुलावर चढवली तरी गाडी कुठे अडखळली नाही.

"साहेब, गाडी लावता कुठे?"

"आमच्या वाडीत. एकामागे एक लावतात. न्यूट्रलला ठेवायची, म्हणजे मागच्याला ती ढकलून बाहेर पडता येतं."

"तुम्ही पण न्यूट्रलला ठेवता?"

"माझी पार्कला टाकल्याशिवाय किल्लीच निघत नाही हो." हेरंब ओशाळले. "पण शेजारी चांगले आहेत. चौघं मिळून जोर लावतात."

गिअरबॉक्स धडधाकट होता, दोष शेजारधर्माचा होता. पार्कमध्ये गाडी रोखून धरणारा खटका रोजच्या ढकलाढकलीत पार झिजला होता. तेवढाच बदलायचा.

"कमाल आहे! नुसत्या वासावरून?"

गणपतरावांना राहवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या डोक्याचा अभिमान वाटत होता. "साहेब, मला वास येत नाय. दोन वर्षं झाली. तुम्ही बोललात त्यावरून कळलं."

हेरंब खो खो हसले. "मोठी माणसं अशीच बोलतात!"

नाव वाचलं, पण ते हसणं गणपतरावांच्या जिव्हारी लागलं.

आठवड्याभरात हेरंबांच्या सांगण्यावरून आणखी एक जुनी ऑटोमॅटिक आली. गणपतरावांनी तेलपट्टीला हात लावला नाही. मालकाला स्टूल दिलं. "आधी सांगा, गाडी करते काय?"

मालक उभाच राहिला. "विचारून सांगणारे मेकॅनिक," तो म्हणाला, "आमच्या गिरगावात पण आहेत."