मक्याच्या खोक्यातले जव

"हिला गहू विषासारखा आहे," मुंबईचे डॉक्टर म्हणाले, तेव्हा माझी तीन वर्षांची लिना माझ्या मांडीवर बसून पावच चघळत होती.

ऐंशी-एक्याऐंशीची गोष्ट. आजाराचं नाव सीलिॲक डिसीज. गहू आणि जव यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. काहींच्या लहान आतड्याचं अस्तर त्याने झिजतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. नंदाखालला, आमच्या गावात, तोवर सगळे जंत म्हणत होते, नाहीतर दृष्ट. हातापायांच्या काड्या, पोट नगाऱ्यासारखं आणि दिवसभर जुलाब. बायोप्सी केली, म्हणजे नळी गिळवून आतड्याचा तुकडा काढून तपासला. त्या वेळी लिनाने माझ्या दंडाचा घेतलेला चावा बरेच दिवस हिरवानिळा होता.

एक मूल आम्ही आधीच गमावलं होतं. पीटर, लिनाच्या पाठचा नव्हे, आधीचा. तोही असाच वाळत गेला. त्यामुळे या खेपेला माझा कोणावरच विश्वास उरला नव्हता.

पाव, बिस्किटं, चपाती बंद झाली. भात, मासळी, केळी चालू. हळूहळू जुलाब थांबले. पण सकाळी ती पेजेकडे तोंड फिरवायची. तेवढ्यात माझे दीर आखातातून आले, कॉर्नफ्लेक्सची खोकी घेऊन. मी डॉक्टरांना विचारलं.

"मक्याचे ना? खुशाल द्या."

लिना वाटी चाटूनपुसून खायची. मला स्वर्ग दोन बोटं उरला.

मग पुन्हा जुलाब, पुन्हा ते पोट. भरती केलं, सलाईन लावलं. डॉक्टर चिडून म्हणाले, "घरात कोणीतरी हिला चोरून पाव देतंय."

दिवसभर लिना सासूबाईंजवळ असायची, म्हणून संशय त्यांच्यावरच गेला. वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर त्यांच्या सख्ख्या मुलाने, माझ्या नवऱ्याने, त्यांना विचारलं.

"क्रुसाची शपथ, पावाचा कन पन दिला नाय मी लिनाबायला," त्या म्हणाल्या. यांनी मान फिरवली. मलाही त्यांचा रागच आला होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी लिना खाते ते सगळं मागवलं, खोक्यासकट. खोक्याच्या कडेला बारीक इंग्रजी अक्षरं होती: मका, साखर, मीठ, मॉल्ट. ते शेवटच्या शब्दावर थांबले.

"मॉल्ट म्हणजे मोड आणलेले जव. चवीला घालतात. हे मी आधीच बघायला हवं होतं."

सासूबाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "मग आमच्या पीटरला पन हेच होतं?"

"असावं."

"त्याला मी रोज दुधात पाव कुस्करून भरवायची. नाय खाल्ला तर मांडीत दाबून धरून."

डॉक्टरांनी हातातलं खोकं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "आजी, तेव्हा त्याला माझ्याकडे आणलं असतं, तर मीही कदाचित तेच भरवायला सांगितलं असतं."

लिना वाचली. देवाचे आणि चूक कबूल करणाऱ्या त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांना एवढंच सांगते: खोक्यावरच्या कणसाच्या चित्राला भुलू नका, कडेची अक्षरं वाचा. वाचता येत नसतील तर वाचणाऱ्याला गाठा.

घरी आल्यावर मी सासूबाईंची माफी मागितली. त्यांनी मनात काही ठेवलं नाही. फक्त लिनाला त्यांनी पुन्हा कधी घास भरवला नाही. मी वाटी पुढे केली, की त्या ती माझ्याकडे सरकवायच्या आणि म्हणायच्या, "तूच भरव."