पाठ कोण बघतं?

"पावणं, जरा पाय वर करा." नाव-गाव विचारायच्या आधी ते हे म्हणायचे आणि समोरच्याच्या पायाशी उकिडवे बसायचे. तुम्ही पाहिलं असतं तर कुणाच्या तरी पायातला काटा काढणारा माणूस, एवढंच वाटलं असतं.

खोडदच्या रेडिओ-दुर्बिणीच्या अवाढव्य अँटेना उभ्या राहिल्या, त्या वर्षांतली गोष्ट. नारायणगावच्या एका छोट्या दवाखान्याने कातडीच्या कॅन्सरची तपासणी गावोगाव सुरू केली होती. ते तिथले आरोग्यसेवक; ते तपासायचे, मी फॉर्म भरायचो. खोडदला लोक हसले, "तिकडं मशीन आभाळ बघतंय, आन हे आमचं तळवं बघत्यात."

ते मान वर न करता म्हणाले, "आभाळाला बघाया लई सायब हायेत."

हा रोग तळव्यावरही निघतो, हे मला त्यांच्याकडून कळलं. अडचण बिब्ब्याची होती. काटा मोडला की लोक तिथे बिब्बा लावायचे, त्यामुळे तळव्यावरच्या काळ्या डागाचं कुणाला काही वाटत नसे. ते डाग दोऱ्याने मोजायचे आणि तेवढा तुकडा तोडून माझ्याकडे द्यायचे. "बिब्बा असंल तर महिन्यात कमी व्हईल." मी तो पट्टीवर मोजून आकडा लिहायचो आणि फॉर्मला चिकटवायचो.

निरगुडसरला एक म्हातारी पाय पुढे करीना. "तुमाला पाय दावून मला पाप लागंल."

"लागू द्या. भाऊसाहेब, पाप माझ्या नावावर लिवा."

म्हातारी हसली आणि पाय मोकळा झाला. महिन्याने तोच दोरा डागाला अपुरा पडला. पुण्याला तिच्या टाचेचा तुकडा काढला. पुढच्या खेपेला ती लंगडत बांधावरून आली आणि त्यांच्या पिशवीत शेंगा ओतून गेली. त्या त्यांनी जीपमध्ये सगळ्यांना वाटल्या, स्वतः दोन खाल्ल्या.

फॉर्मवर शेवटचा रकाना होता: 'घरात पाठ कोण बघतं?' तळवा वाकून दिसतो, पाठ दिसत नाही, म्हणून तो त्यांनीच घालायला लावला होता. नाव मिळाल्याशिवाय ते उठायचे नाहीत. एका घरी नवरा-बायकोचा अबोला होता. ते म्हणाले, "बोलू नका. महिन्यातनं एकदा नुसती पाठ बघा." दोघांनी एकमेकांची नावं दिली.

त्यांची बायको फार वर्षांपूर्वी गेलेली, मूल नव्हतं. खोली एकट्याची, जेवण खाणावळीत. आमच्याकडे जेवायला बोलावलं की म्हणायचे, "येईन की." आले एकदाच. रविवारी विहारात वंदनेला मात्र चुकायचे नाहीत. बसायचे शेवटच्या रांगेत, भिंतीला. मला तो नम्रपणा वाटायचा. विचारलं तर म्हणाले, "वाकल्यावर सगळ्यांचं तळवं दिसत्यात."

एका पावसाळ्यात दवाखान्याने कर्मचाऱ्यांचेही फॉर्म मागवले. त्यांनी आपला स्वतःच भरून दिला. शेवटच्या रकान्यात नुसती रेघ होती.

मी म्हणालो, "रेघ चालणार नाही. काहीतरी लागतं."

त्यांनी फॉर्म परत माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "आरसा लिवा."

"आरशात पाठ दिसते?"

"निम्मी दिसती."

मी 'आरसा' लिहिलं. एकही रकाना रिकामा राहिला नाही, म्हणून त्या दिवशी मला बरं वाटलं होतं.

पुढे तपासणी बंद झाली. ते निवृत्त झाले, मी गावातच दुसरीकडे नोकरीला लागलो. रस्त्यात भेट व्हायची, तेवढीच. दोन वर्षांनी इस्त्रीवाल्याने त्यांना शर्टाच्या पाठीवरचा रक्ताचा डाग दाखवला. एक नव्हे, तीन शर्टांवर. पुण्याच्या डॉक्टरांनी उशीर झाला म्हणून सांगितलं.

मी भेटायला गेलो तेव्हा ते कुशीवर झोपले होते. मला बघून हसले. "भाऊसाहेब, ह्या निम्म्यात व्हता बघा." हात मागे नेऊन दाखवायला गेले, तो पोचला नाही. पाण्याचा तांब्या द्या म्हणाले. मी दिला.

दिवाळीच्या आधी ते गेले. विहारात मी आता शेवटच्या रांगेत बसतो. तळवे दिसतात, पण काय बघायचं ते मला त्यांच्याइतकं कळत नाही.

त्यांची खोली माझ्या दारापासून एकशे चाळीस पावलांवर होती. पावलं मी नंतर मोजली.