माफीचं वाक्य

चार लोकांसमोर बोलायला उभं राहायचं झालं की मी आधी एक वाक्य म्हणून टाकतो. "कन्नड स्वल्प स्वल्प बरुत्ते, क्षमिसी." थोडं थोडं येतं, माफ करा. नोकरीसाठी नागपूरहून बंगळुरूला आलो तेव्हा ऑफिसातल्या एका वडीलधाऱ्याने ते मला शिकवलं होतं. ते ऐकून समोरचे हसतात, जरा सैल होतात. हेब्बाळच्या आमच्या सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टँकरबद्दल बोलायचं असलं तरी सुरुवात तीच. या लोकांनी आपल्याला आपलं म्हणावं, एवढीच इच्छा असते. आणि म्हणणार नाहीत, ही धास्तीही तितकीच.

गेल्या वर्षी माझी मुलगी कॉलेजच्या विद्यार्थी मंडळाच्या निवडणुकीला उभी राहिली. ते ऐकताच मी तिला अडवायला बघितलं.

"कशाला पुढे पुढे करायचं? कुणी काही बोललं तर?"

"कोण काय बोलणार, बाबा?"

"आपण बाहेरचे."

"तू बाहेरचा. मी इथल्याच दवाखान्यात जन्मले."

बायको स्वयंपाकघरातून हसली. मी नाही हसलो.

भाषणाची तयारी ती हॉलमध्येच करायची. तिचं कन्नड खाली खेळता खेळता आलेलं, धबधब्यासारखं. मला निम्मं कळायचं. छान बोलत होती, आणि नेमकं त्याचंच मला भय वाटत होतं; इतकं छान बोलणाऱ्याची चूक कुणी सांभाळून घेत नाही. "सुरुवातीला माफीचं वाक्य घाल," मी म्हणालो.

"अरे, पण मला येतं ना कन्नड."

"येऊ दे. घालायला काय जातं? लोक सांभाळून घेतात."

मी तिचा पिच्छाच पुरवला. नाश्त्याला तेच, तिला कॉलेजला सोडताना तेच. शेवटी सिग्नलला ती म्हणाली, "सरी, ठीक आहे बाबा. घालते. हिरवा झालाय, चल."

ती हरली. संध्याकाळी घरी आल्यावर शांतपणे उपमा खात बसली होती. मला धीर धरवला नाही.

"वाक्य म्हटलंस?"

"म्हटलं."

"मग?"

"हसले. मैत्रिणींना वाटलं मी चेष्टा करतेय. मग मागून एकाने विचारलं, ऊरु यावुदु? तुझं गाव कुठलं?" तिने चमच्याने शेंगदाणे बाजूला केले. "इतके दिवस हे मला कुणीच विचारलं नव्हतं."

माझा चेहरा पाहून तीच पुढे म्हणाली, "त्यामुळे हरले असं नाही हं. दुसरा उमेदवार खरंच चांगला होता." तिने मला सांभाळून घेतलं. ते मला जास्त लागलं. जी भीती मी इतकी वर्षं स्वतःपुरती बाळगली, ती मी तिच्या तोंडून वदवून घेतली होती, तीही तिच्याच मित्रमैत्रिणींसमोर.

यंदा ती पुन्हा उभी आहे. या खेपेला तयारी हॉलमध्ये नाही, खोलीचं दार लावून. काल चहा घेऊन मी दारापाशी थांबलो. आतून आवाज येत होता, शब्द नीट लागत नव्हते. ते वाक्य अजून आहे की काढलं, हे कळेना. विचारायचा हक्क आपल्याला उरलाय का, हेही कळेना. कप हातात निवत चालला.

दार तिनेच उघडलं. "ऐकायचंय?"

"हो."

"पण मध्ये बोलायचं नाही."

"सरी."

मी पलंगाच्या कडेला बसलो. तिने घसा साफ केला आणि थेट कॅन्टीनच्या बंद पडलेल्या नळापासून सुरुवात केली. तिला थांबवायला हात आपोआप वर जायला लागला, तेव्हा मी दोन्ही हातांनी कप घट्ट धरला.