हेरंबची टाळू

चंदीगडात नलिनीचं म्हणावं असं माणूस एकच, आणि तेही मांडीवर मावणारं. नवरा गुरुनाथ हवाई दलात. चौऱ्याऐंशीच्या जूनमध्ये, सुवर्णमंदिरात लष्कर शिरलं तेव्हा, पठाणकोटला अडकलेला, रजा बंद. आई सांगलीला सामान बांधून बसलेली, तर पंजाबकडच्या गाड्याच थांबलेल्या. हेरंबला मात्र दम निघेना. स्वारी सातव्याच महिन्यात हजर!

त्यातल्या त्यात नशीब म्हणजे इस्पितळात डॉक्टर पद्मिनी अमरावतीच्या निघाल्या. बाळाच्या मऊ टाळूवर यंत्र टेकवून त्या आतला मेंदू पडद्यावर बघत.

"मेंदूतून पायांकडे निरोप नेणारा पांढरा भाग असतो, त्याला इजा झालीय," एके दिवशी त्या म्हणाल्या. "हे बारीक खड्डे बघा. पुढे पाय ताठ होऊ शकतात. आत्ता नक्की सांगता येत नाही. त्याला दाखवायला आणत राहा."

नलिनीने पडद्यावरचे काळे ठिपके पाहिले आणि तिला चक्क हायसं वाटलं. खड्डेच ना? टाळू कशी भरायची ते सांगलीतलं शेंबडं पोरही सांगेल.

बाळ घरी आल्यावर ती रोज सकाळी त्याच्या टाळूवर थेंब थेंब खोबरेल जिरवू लागली. बाहेर कर्फ्यू, रस्त्यावर चिटपाखरू नाही. तिचं मराठी ऐकायला घरात तेवढं एकच डोकं, आणि ते तेल लागताच झोपी जायचं.

"भर रे बाबा, लवकर भर," ती त्या डोक्याला म्हणायची.

पुढच्या एका तपासणीत खड्डे खरोखरच दिसले नाहीत.

"दिसत नाहीत म्हणजे भरले असं समजू नका हं," डॉक्टरांनी बजावलं.

डॉक्टर लोक कधी सरळ बोलतात का! नलिनीने ते कानाआड केलं. मग पुन्हा दंगली, पुन्हा कर्फ्यू. बसमध्ये चढायचा धीर होईना, आणि बऱ्या झालेल्या पोराला घेऊन जायचं तरी कशाला? खरं तर दुसरं काही ऐकायची तिला भीती वाटत होती. तिने जाणंच सोडलं. गाड्या सुरू झाल्या, पण गुरुनाथ यायचा तो एखाद-दोन दिवसांपुरताच, आणि पंजाबच्या बातम्या वाचून भावाने आईला काही पाठवलं नाही.

वर्ष उलटलं. टाळू छान भरली, घट्ट झाली. पण हेरंबला उभं धरलं की पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढत. टाचा जमिनीला टेकतच नसत. शेवटी ती त्याला घेऊन गेली.

डॉक्टरांनी त्याचे गुडघे हलकेच दूर करून पाहिले. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तेल कमी पडलं का हो?" नलिनीने विचारलं.

पद्मिनीबाईंनी हेरंबच्या घट्ट टाळूवरून हात फिरवला. "तेल तिथवर पोचतच नाही हो. आतली इजा तुमच्या हातातली नव्हतीच."

"मग माझ्या हातात काय होतं?"

"हे पाय. उशीर झालाय, पण ते अजून तुमच्या हातात आहेत." आणि त्यांनी मांड्या कशा सोडवायच्या, टाच कशी खाली ताणायची ते करून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाटली घेऊन बसली. सवयीने पहिला थेंब टाळूवरच पडला. तो तिने तळहाताने निपटला आणि पायाला चोळला. टाच ताणताच हेरंब किंचाळला. तिच्या हाताखाली गाढ झोपणारं तिचं एकुलतं माणूस आता तिच्या हातांना घाबरून रडत होतं, आणि तिला हात थांबवता येत नव्हते.