मालिशवाली अख्तरीबी आणि बद्रीनाथची गोदा

औरंगाबादेत, रोशनगेटच्या आतल्या गल्ल्यांत अख्तरीबीचा हात ज्याच्या पाठीवरून फिरला नाही असं पोर शोधून सापडायचं नाही. नवरा जाऊन दहा वर्षं झालेली, पोटी मूल नाही. तान्ह्या बाळांना तेल लावायचं, पायांवर आडवं घेऊन न्हाऊ घालायचं, धुरी द्यायची आणि दुपट्यात गुंडाळून आईच्या कुशीत द्यायचं, यावर तिचं पोट चालायचं. घर हिंदूचं असो की मुसलमानाचं, बाळंतिणीच्या खोलीत तिला कुणी अडवत नसे.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात बद्रीनाथच्या घरून तिला बोलावणं आलं. हा माणूस मूळचा गंगापूरकडचा. शेती भाऊ बघायचा आणि हा औरंगाबादेत सरकारी कचेरीत कारकून होता. त्याची बायको वच्छला माहेरी, खेड्यात, घरातच बाळंत झाली होती. मुलगी झाली, पण पहिलं रडं फुटायला फार वेळ लागला. नाव ठेवलं गोदावरी, सगळे गोदा म्हणायचे.

तिसऱ्या महिन्यात अख्तरीला खटकायला लागलं. काखेत धरून उचललं की पोरीचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. मुठी उघडायच्या नाहीत, अंगठा आतच दाबलेला. तिनं वच्छलाच्या सासूला, सारजाबाईंना, सांगितलं की एकदा मोठ्या डॉक्टरला दाखवा. सारजाबाईंनी ते कानाआड केलं. आमच्या घराण्यात पोरं उशिराच बसतात, तू आपलं तेल लाव, म्हणाल्या. अख्तरीनं पुन्हा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. सहा महिने भरले, मालिश संपली, तिचं जाणं थांबलं.

गोदा वर्षाची झाली तरी मान धरेना. मग घरात कारण शोधणं सुरू झालं आणि ते सापडायला वेळ लागला नाही. मालिशवालीनं पाय ओढले, शिरा दुखावल्या, पोर अधू झालं. हे बोलणं आधी घरात होतं, मग गल्लीत आलं, मग पाण्याच्या नळावर. महिन्याभरात अख्तरीची चार घरं सुटली. ज्यांच्या तीन-तीन पोरांना तिनं न्हाऊ घातलं होतं त्या बायका तिला बघून दार लोटून घ्यायला लागल्या.

तिच्या भावानं, कय्युमनं, सल्ला दिला की काही दिवस दौलताबादला मावशीकडं जाऊन राहा, बोलणारे बोलून थकतील. कय्युम जुन्या बाजारात सुतारकाम करायचा, भांडणतंट्याला भिणारा माणूस. अख्तरीनं त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती दौलताबादला नव्हे, बद्रीनाथच्या दारात जाऊन उभी राहिली.

सारजाबाई उंबऱ्यात आल्या. पाऊल आत टाकायचं नाही, म्हणाल्या.

"नाय टाकत," अख्तरी म्हणाली. "माझ्या हातानं झालं म्हणता ना? मग चला दवाखान्यात. डॉक्टरसमोर माझा गुन्हा ठरू द्या. नाय ठरला तरी पोरगी तर डॉक्टरच्या नजरंखाली जाईल."

दार बंद झालं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. पायरीच्या खाली उभी राहायची, येणाऱ्या-जाणाऱ्यानं विचारलं तर खरं तेच सांगायची. बद्रीनाथ मान खाली घालून तिच्या शेजारून कचेरीला जायचा. चौथ्या दिवशी आतून वच्छला आली. खांद्यावर गोदा, पायात चप्पल. मागून सासूचा आवाज येत होता, पण तिनं वळून पाहिलं नाही. लग्न होऊन तीन वर्षं झाली होती, या घरात ती मोठ्यानं बोललेली अख्तरीनं कधी ऐकलं नव्हतं. आज ती सरळ चालायला लागली.

घाटीच्या सरकारी दवाखान्यात दोन तास रांगेत गेले. व्यायाम शिकवणाऱ्या एक डॉक्टरबाई होत्या, तरुण, बारीक चणीच्या. त्यांनी गोदाला चटईवर घेतलं, जन्माच्या वेळचं सगळं विचारलं आणि स्वच्छ सांगितलं की जन्मताना मेंदूला हवा कमी पडली, मालिशचा याच्याशी काही संबंध नाही. हा दोष पुसला जाणार नाही, पण रोज व्यायाम दिला तर पोरगी बसेल, हातानं खाईल, शिकेलही.

वच्छला रडली. अख्तरीनं लांब श्वास सोडला. तेवढ्यात डॉक्टरबाईंनी तिला मालिश करून दाखवायला सांगितली आणि दोन मिनिटांत थांबवलं. असं जोरानं ओढायचं नाही, म्हणाल्या. ताठ अंग ओढलं की आणखी ताठ होतं. हळू धरायचं, ते सैल होईपर्यंत थांबायचं.

अख्तरीच्या तोंडावर चापट बसल्यासारखं झालं. पंचवीस वर्षांचे हात तिचे, आणि ही काल आलेली पोरगी शिकवणार. घरी येईपर्यंत ती धुमसत होती. पण रात्रभर मनात एकच येत राहिलं, की त्या सहा महिन्यांत गोदा माझ्या हाताखाली किंचाळायची आणि मी म्हणायचे, रडू द्या, अंग मोकळं होतंय. दोष आपल्या हातांचा नव्हता हे कळलं होतं. त्रास मात्र तिनं दिला होता. ते तिनं स्वतःशी कबूल केलं आणि सोमवारी पुन्हा वच्छलाबरोबर रांगेत उभी राहिली.

दोन वर्षं ती दर सोमवारी गेली. डॉक्टरबाई दाखवायच्या तसं धरायला शिकली, मांडी कुठं आणि हात कुठं ते शिकली. कय्युमनं सागाच्या फळ्यांची एक खुर्ची केली. पाठ उंच, बसायची जागा खोल, मांड्यांच्या मधे एक गुळगुळीत खुंटी, म्हणजे पाय एकमेकांवर चढू नयेत. पुढं पाट. त्या खुर्चीत गोदा चौथ्या वर्षी पहिल्यांदा ताठ बसली आणि तिनं पाटावरची भाकरी स्वतः ओढून घेतली. सारजाबाई ते बघत होत्या. माफी त्यांनी कधी मागितली नाही. पण त्या दिवशी चहाचा कप त्यांनी स्वतः अख्तरीच्या हातात दिला.

गोदाला सातवं लागलं. बोलणं अडखळत यायचं, पण शंभरापर्यंत मोजायची, पेपरातली अक्षरं ओळखायची. वच्छला आणि अख्तरी तिला खुर्चीसकट हातगाड्यावर घालून जवळच्या शाळेत घेऊन गेल्या. हेडमास्तर वाईट माणूस नव्हते, घाबरट होते. बाकीची मुलं भितील, पडली-झडली तर जबाबदारी कुणाची, अशा मुलांसाठी मुंबई-पुण्याला वेगळ्या शाळा असतात, असं त्यांनी समजावलं. वच्छलाचे डोळे भरून आले, ती उठायला लागली. अख्तरीनं तिचा पदर धरून तिला खाली बसवलं.

"मास्तरसाब, तुम्ही घेत नाय, ठीक. पण का घेत नाय ते कागदावर लिहून द्या. सही करून."

"तुम्हाला वाचता येतं का?" हेडमास्तरांनी विचारलं.

"नाय येत. म्हणून तर हिला शिकवा. मग तुम्ही काय लिहिलं ते हीच मला वाचून दाखवील."

हेडमास्तरांनी कागद पुढं ओढला, पेन उघडलं, पुन्हा बंद केलं. शेवटी म्हणाले, एक महिना बसवून बघू. तो महिना सात वर्षं चालला. गोदा कधी एकटी चालली नाही, पण सातवी पास झाली. पुढचं घरी बसून केलं.

तोवर गोदा कशी बसायला आणि शिकायला लागली हे बोलणं सगळीकडं पसरलं होतं. अख्तरीच्या एका खोलीत दर गुरुवारी बायका व्यायाम शिकायला येऊ लागल्या, कडेवर, पाठीवर, सायकलच्या कॅरिअरवर तशीच अधू पोरं घेऊन. सारजाबाईंनीच गंगापूरच्या दोन आज्यांना पाठवलं होतं. खोली पुरेना, तेव्हा अख्तरीनं चटया बाहेर गल्लीत अंथरल्या. मग तक्रारी आल्या. समोरचा नवाब, बांगड्यांचा दुकानदार, म्हणाला की गिऱ्हाईक बिचकतं. पोटुशा बायका या वाटेनं जातात, त्यांच्या नजरेला असली पोरं पडू नयेत. निदान मधे पडदा तरी लावा.

अख्तरी चटईवरून उठली नाही. तिच्या मांडीवर कुणाचं तरी पोर होतं.

"पडदा मी पाळते, नवाबभाई," ती म्हणाली. "या पोरांनी कुणाचं काय केलंय, की त्यांनी पाळावा?"

पडदा लागला नाही. बायका येत राहिल्या. गोदा आता एकोणीस वर्षांची होती, ती भिंतीला टेकून नव्या आयांशी बोलायची. तिचं एक वाक्य पुरं व्हायला वेळ लागायचा आणि बायका थांबून ऐकायच्या.

एका गुरुवारी फर्दापूरहून एसटीनं एक बाई आली. कडेवरचं मूल तिनं डोक्यापासून पायापर्यंत चादरीत गुंडाळलेलं होतं. ऊन होतं, मूल आत घामेजलं होतं. गल्लीत लोक आहेत, आत चला, असं ती हळूच म्हणाली.

"इथंच बस," अख्तरी म्हणाली. "आणि आधी ती चादर काढ."

बाईनं गल्लीकडं पाहिलं, चटईवरच्या बाकी पोरांकडं पाहिलं, आणि खाली बसून चादरीची गाठ सोडायला लागली.