पेरेंट्स इव्हनिंगला भेटलेली मुलगी

त्या वर्षी माझी मुलगी बोलायची थांबली. एकदम नाही, हळूहळू. सप्टेंबरात इयर नाइन सुरू झालं तेव्हा निदान कुठल्या तासाला काय झालं ते तरी सांगायची. ऑक्टोबरच्या सुट्टीनंतर नुसतं 'फाइन' उरलं आणि नोव्हेंबरात तेवढंही खांदे उडवून होऊ लागलं. डब्यातली पोळीभाजी जशीच्या तशी परत यायची. मी घरून काम करायचे त्या दिवशी दार उघडल्याचा आवाज यायचा, जिन्यावर पावलं वाजायची, आणि मग वर कोणी गेलंच नाही इतकी शांतता. मी दोनदा वर जाऊन बघून आले आहे. ती पलंगावर बसलेली असायची, कोटासकट.

नवरा म्हणायचा, तेरा वर्षांची आहे, वयच तसं. वयाच्या माथी मारलं की आईबापांची सुटका होते, हे मलाही ठाऊक होतं. पण मला ते पटेना. शाळेत तिला काय होतंय ते मला शोधून काढायचं होतं, आणि त्यासाठी मी पेरेंट्स इव्हनिंगची, म्हणजे पालकांनी शिक्षकांना भेटायच्या संध्याकाळची, वाट बघत होते.

त्या दिवशी ऑफिसातून लवकर निघाले. मुलांनीही बरोबर यायची पद्धत आहे, पण तिचं पोट दुखायला लागलं. मी आग्रह केला नाही. स्टॅनमोर स्टेशनवरून बसने शाळेत पोचेपर्यंत मिट्ट काळोख झाला होता; वाजले होते फक्त पाच, पण इकडे नोव्हेंबरात असंच. शाळा अफाट. माझ्या पुण्याच्या शाळेसारख्या तीन सहज मावतील. रिसेप्शनवरच्या बाईंनी हॉलकडे बोट दाखवलं आणि मी अर्थातच चुकले. कॉरिडॉरमधले दिवे माणूस आलं की लागतात आणि गेलं की विझतात, त्यामुळे मी जाईन तिथे पुढे उजेड आणि मागे अंधार. सगळी दारं एकसारखी. एका भिंतीवर तिच्या अख्ख्या इयरच्या मुलांचा मोठा फोटो होता. मी त्यात तिला शोधलं, पहिल्यांदा वरून खाली, मग खालून वर. सापडली नाही. थांबून बघत राहिले तर डोक्यावरचा दिवाच गेला, आणि मी चक्क पळत सुटले.

हॉलमध्ये ओळीने टेबलं, प्रत्येकामागे एक शिक्षक, प्रत्येकाला पाच मिनिटं. पहिले सायन्सचे सर. तरुण, दमलेले. लॅपटॉपवर माझ्या मुलीचं नाव काढलं आणि त्यांचा चेहराच खुलला. म्हणाले, काय आनंदी मुलगी आहे तुमची! ती आली की वर्ग जागा होतो. फक्त बडबड जरा कमी करायला सांगा.

मी म्हणाले, थँक यू.

आता कोणीही विचारील, बाई, तिथेच का नाही बोललीस? त्याचं उत्तर माझ्या माहेरी आहे. आमच्याकडे शिक्षक म्हणतील ती पूर्व दिशा. शाळेतून तक्रार आली की वडील आधी धपाटा घालायचे आणि मग काय झालं ते विचारायचे. बँकेत मी माझ्या बॉसला तोंडावर 'नाही' म्हणते, पण शिक्षकासमोर बसले की आपोआप हात मांडीवर जातात. मुलीलाही मी हेच बाळकडू पाजलं होतं. टीचरना उलटून बोलायचं नाही, त्यांच्या चुका काढायच्या नाहीत.

ड्रामाच्या बाई म्हणाल्या, गेल्या आठवड्यात ती म्हातारी झाली होती, आम्ही हसून हसून रडलो. मी पुन्हा थँक यू. जॉग्रफीचे सर म्हणाले, ट्रिपहून परत येताना ती कोचमध्ये, म्हणजे सहलीच्या बसमध्ये, पूर्ण रस्ताभर गात होती. त्या ट्रिपहून माझी मुलगी आली तेव्हा ओल्या बुटांनी जिन्यात बसून राहिली होती, अर्धा तास. तरी मी हसून विचारलं, कुठलं गाणं? ते म्हणाले, सगळीच!

खरं सांगायचं तर भीती वाटत होती आणि त्याच वेळी जीव भांड्यात पडत होता. म्हणजे घरी येते ती सावली, आणि खरी मुलगी इथे आहे, हसते, गाते, लोकांना हसवते. मला ती मुलगी फार आवडली. हॉलबाहेर येऊन मी नवऱ्याला फोन लावला. "अरे, ती गाते म्हणे! आपण उगाच घाबरलो."

फोन ठेवला तर समोर एक बाई उभी. माझ्याच वयाची, गळ्यात ऑफिसचं कार्ड.

"माफ करा हं, तुमचं बोलणं ऐकलं," ती म्हणाली. "कोचमध्ये माझी पोरगी गात होती. व्हिडिओ आहे माझ्याकडे."

ती नागपूरची. तिची मुलगी माझ्या मुलीच्याच वर्गात. आडनावं एकाच अक्षराने सुरू होणारी, दोघींना चष्मा, दोघींच्या वेण्या, सीटिंग प्लॅनमध्ये शेजारी शेजारी.

"आणि मला काय सांगून राहिले माहीत आहे का? की माझी मुलगी बोलतच नाही. लंचला सायन्स ब्लॉकच्या कॉरिडॉरमध्ये एकटी बसते. इतकी हलत नाही की लाइट जातात, आणि ती तशीच अंधारात बसून राहते. प्लीज घरी बोला तिच्याशी, म्हणाले. अहो, माझी तर एक मिनिट चूप बसत नाही!"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? टीचर आहेत. थँक यू म्हटलं."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. इतका वेळ की दिवा गेला. काळोखात तिने माझा हात धरला आणि मला रडू कोसळलं. माझ्या लेकीची एवढी एक बातमी शाळेने दिली होती, ती दुसऱ्याच दारात.

मी परत आत गेले. खुर्च्या रचायला लागले होते. सायन्सचे सर कोट घालत होते. त्यांच्यापासून चार पावलांवर उभी राहिले, आणि उद्या ईमेल करू असं स्वतःला सांगून निघून आले.

घरी ती पलंगावर बसली होती. मी शेजारी बसले आणि कोचमधल्या गाण्याचं आणि शाळेने केलेल्या दोघींच्या अदलाबदलीचं सांगितलं.

"फर्स्ट डेला मिसने मला त्या मुलीच्या नावाने बोलावलं," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी पूर्ण वाक्य. "मी सांगणार होते, पण तू म्हणतेस ना, टीचरला करेक्ट नाही करायचं. मग सगळेच तसं म्हणायला लागले. नंतर इट वॉज टू लेट."

"आणि ती? ती काही नाही बोलली?"

"तिला वाटलं फनी आहे." मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "पण तू सांगितलंस ना त्यांना? की ती मी नाही?"

"मला वाटलं, शाळेत तू तशी असशील."

"कोचमध्ये गाणारी?"

मी मान डोलावली. आपला तो बाब्या म्हणतात; माझं नेमकं उलटं झालं होतं, आणि ते माझ्या तोंडावर दिसत असणार.

"तुला ती आवडली?"

मी ताबडतोब नाही म्हणायला हवं होतं. मला उशीर झाला.

"इट्स ओके, आई," ती म्हणाली. "मला पण तीच आवडते."