दयाबाईनंतरचा घोट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. यांना नाही — हे जाऊनही आता बरीच वर्षं झाली — मुलींना नाही, चर्चच्या पाळकांना तर नाहीच. देवाला सांगितलं म्हणावं, तर तेही खोटं. प्रार्थनेत त्या जागेशी आले की मी ‘कळत-नकळत घडलेल्या अपराधांची क्षमा कर’ असं म्हणून पुढं सटकते. नकळत कसलं? माझं सगळं कळत होतं. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

आम्ही नागपूरचे. आमच्या प्रांताची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली तेव्हा सचिवालयाच्या फायलींबरोबर कारकूनही गेले, आणि यांच्यामागून मी, मुली आणि पाटा-वरवंटा. आज ज्याला तुलसी नगर म्हणतात त्या बाजूला क्वार्टर मिळालं. तेव्हा तिथं जिकडेतिकडे खणलेले पाये आणि लाल मुरूम. आमच्यासारखी थोडी मराठी ख्रिस्ती घरं होती. हिंदी उपासनेत आमचा जीव रमेना, म्हणून रविवारी दुपारी एका शाळेचा वर्ग मागून घेऊन आम्ही मराठीतून जमू लागलो. पाळक अधूनमधून नागपूरहून यायचे, आणि ते आले की प्रभुभोजन व्हायचं. एक भाकर, एक प्याला. मनुका उकळून त्यांचा रस मी करायचे. प्याला बाकावरून बाकावर हातोहात फिरायचा.

आता मुद्द्यावर यायला हवं — पण आधी आजोबांचं सांगते. बघा, अजूनही मला आजोबा आधी आठवतात.

आजोबा ब्राह्मण. ते ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांच्या वडिलांनी त्यांच्या नावानं आंघोळ केली. ही गोष्ट आमच्या घरी दर नाताळाला सांगितली जायची. आजोबांनी काय काय सोडलं हे आम्ही अभिमानानं सांगायचो, आणि सांगता सांगता ते सगळं पुन्हा अंगावर घ्यायचो. आडनाव तेच, लग्न जुळवताना ‘मूळचे कोण’ ही चौकशी तीच, लोणच्याच्या बरणीला कुणाचा हात लागावा हेही आईचं ठरलेलं. ख्रिस्तात सगळे एक — हे मला लहानपणापासून पाठ होतं. पण नेमके किती एक, हे कुणी विचारलं नव्हतं.

दयाबाई आमच्या मंडळीत वऱ्हाडातून आली होती. विधवा, सरकारी दवाखान्यात आया. तिचे वडील गावकुसाबाहेरचे. हे तिनंच पहिल्या भेटीत सांगितलं, आपण गावाचं नाव सांगतो तसं. मंडळीतली सगळी पोरं तिच्या मांडीवर असायची, माझ्या मुलीसुद्धा. मांडीला माझी हरकत नव्हती. मी मोठ्या मनाची आहे असंच मला वाटायचं.

पण प्याला?

मी जागा बदलू लागले. प्रभुभोजन असलं की लवकर जाऊन पहिल्या बाकावर बसायचं, म्हणजे प्याला आधी माझ्याकडे. हे थट्टेनं म्हणायचे, आज बाईंना स्वर्गात पहिला नंबर हवाय. मीही हसायचे. एकदा मात्र धाकटी आजारी होती, मला उशीर झाला, आणि दयाबाईनं मला पाहून आनंदानं बाजूला सरकून जागा केली. प्याला तिच्याकडून माझ्याकडे आला. मी तो ओठांशी नेला, मान वर केली, गिळल्यासारखं केलं आणि पुढं दिला. थेंबही घेतला नाही. प्रभूच्या मेजेवर मी नाटक केलं, आणि घरी येऊन कांदे-पोहे केले.

त्यानंतर मला चैन पडेना. पश्चात्ताप म्हणाल तर तसं काही नव्हतं — पुन्हा असं झालं तर काय, ही चिंता होती. नागपूरच्या एका मंडळीत प्रत्येकाला वेगळा छोटा ग्लास द्यायची रीत मी पाहिली होती. बायकांच्या सभेत मी ती सुचवली. स्वच्छता, आजकालचे रोग, वगैरे. एक-दोघी म्हणाल्या, कशाला उगाच, चाललंय ते बरं आहे. तेव्हा मी ते वाक्य बोलले. आवाज खाली आणून, अगदी काळजीनं: “आपल्यात दवाखान्यात काम करणारी माणसं येतात, मुलाबाळांचा विचार नको का करायला?”

नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच काय होती? पुढच्या रविवारी एकीनं आपलं बाळ दयाबाईच्या मांडीवरून अलगद उचललं. मग दुसरीनं. दयाबाईला कळलं असावं, कारण ती आल्या आल्या अंगणातल्या नळावर साबणानं कोपरापर्यंत हात धुऊ लागली, सगळ्यांना दिसतील असे. तरी मांडी रिकामीच राहिली.

हे कामानिमित्त नागपूरला गेले तेव्हा छोटे ग्लास आणि ते बसवायला भोकं पाडलेलं लाकडी तबक घेऊन आले. ते ग्लास पहिल्यांदा फिरले त्या दिवशी पाळकांनी उपदेश कशावर करावा? गर्वावर. म्हणाले, दारू प्यायलेल्या माणसाचा वास येतो, गर्वाचा येत नाही, म्हणून तो थेट मेजेपर्यंत येऊन बसतो. मी मान डोलावत होते. मनात आमच्या शेजारच्या हेडक्लार्कची बायको होती. शेवटी पाळकांनी मंडळीची काळजी वाहणाऱ्या भगिनीबद्दल देवाचे आभार मानले — म्हणजे माझ्याबद्दल. मी नम्रपणे खाली पाहिलं. नम्रपणा मला चांगला जमतो.

उपासनेनंतर ग्लास विसळायला दयाबाई पुढं झाली. मी पुसत होते. नळापाशी आम्ही दोघीच. ती विसळता विसळता सांगू लागली, तिच्या गावच्या हॉटेलात त्यांची कपबशी वेगळी, बाहेर खिळ्याला टांगलेली असायची. चहा पिऊन आपणच धुऊन पुन्हा टांगायची. तिच्या वडिलांनी पहिल्यांदा उपासना पाहिली तेव्हा त्यांना उपदेशातलं काही कळलं नाही. फक्त एक प्याला सगळ्यांच्या तोंडून फिरताना दिसला. घरी येऊन ते म्हणाले, आपण तिकडे जायचं.

मग हातातला ग्लास तसाच धरून तिनं मला विचारलं, “बाई, खरं सांगा. हे दवाखान्यापायीच न?”

किती सोपं होतं. नाही म्हणायचं, एवढंच. निदान गप्प तरी राहायचं. मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले, “हो, दवाखान्यामुळंच. दुसरं काय असणार?”

तिचा चेहरा मोकळा झाला. तेवढं पाहून मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू?

पुढं पाळक यायच्या आठवड्यात ती क्वार्टरवर आली. दारातच उभी, पण चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. “सोडला म्या दवाखाना,” म्हणाली, “आता ठेवता न एकच पेला?”

पक्की सरकारी नोकरी. विधवेची, एकटीची. ती तिनं माझ्या शब्दावर सोडली होती, आणि धान्याच्या बाजारात गहू निवडायचं काम धरलं होतं. तेव्हा तरी मी काही बोलले का? मी म्हटलं, अगं, आता ग्लास आणलेत, सगळ्यांना सवय झाली आहे, आता कसं बदलायचं. त्या ‘अगं’त मी केवढी माया घातली होती! आत ये असंही म्हणाले नाही.

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या तोंडावरून तिनं काय वाचलं ते मला माहीत आहे, कारण तिचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं. दवाखाना कधीच मध्ये नव्हता, हे तिला तिथं, माझ्या उंबऱ्यावर समजलं. ‘बरं,’ एवढंच म्हणून ती गेली. तिला दवाखान्यात परत घेतलं नाही. तिनं विचारून पाहिलं होतं, असं मला दुसऱ्यांकडून कळलं.

ती उपासनेला यायची थांबली नाही. थांबली असती तर मला सोपं गेलं असतं. मागच्या बाकावर बसायची, गव्हाच्या भुशानं खोकायची, आणि बायका माझ्याकडे बघून मान हलवायच्या, की बाईंचं बरोबरच होतं. मी त्यांना तसं समजू दिलं. अजूनही मंडळीत कुणी नवीन आलं की ग्लासांची रीत मी आणली हे कौतुकानं सांगतात.

प्रभुभोजनाला दयाबाई भाकर घ्यायची. तबक आलं की ते दोन्ही हातांनी नीट धरायची आणि एकही ग्लास न उचलता शेजारणीकडे द्यायची. ती भोपाळ सोडून जाईपर्यंत दर वेळी तसंच. माझ्याशिवाय ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मोजून भरलेल्या तबकात शेवटी एक ग्लास तसाच उरायचा, आणि उरलेला रस संपवायचं काम माझ्याकडे होतं. सगळे बाहेर गेले की मी तो उचलून प्यायचे.